पोच कुणाच्या हातात?

गेली काही वर्षे छापणाऱ्यांच्या जगात एकच रडगाणे ऐकू येते आहे. पुस्तक प्रकाशक, साप्ताहिकवाले, दिवाळी अंकवाले, सगळ्यांची तक्रार एकच : "आमची पोच गेली." पूर्वी फेसबुकवर मजकूर टाकला की हजारो लोक वाचत, आता शेकड्यानेही पाहत नाहीत. मजकूर तोच, लिहिणारा तोच, वाचकही तोच. मग मधल्यामध्ये झाले काय?

याच्याशी रेल्वे आणि टपाल कामगारांचे काय घेणेदेणे, असे कुणी विचारील. आम्ही म्हणतो, सगळ्यात जास्त घेणेदेणे आपलेच आहे. एका माणसाचा शब्द दुसऱ्या माणसापर्यंत पोचवणे हेच तर आपले काम! दीडशे वर्षांहून जास्त काळ आपण ते करीत आलो. म्हणून या प्रश्नावर बोलण्याचा अधिकार आपल्याला आहे आणि कर्तव्यही आहे.

आधी हकीकत नीट समजून घेऊ. फेसबुकवर कुणाचे लिखाण कुणाला दाखवायचे हे वाचक ठरवीत नाही. कंपनीचे यंत्र ठरवते. वाचकाने एखाद्या साप्ताहिकाचे पान स्वतः होऊन निवडले असले तरी त्याचा मजकूर त्याच्यासमोर येईलच असे नाही. आरएमएसच्या डब्यात पत्रांची छाटणी होत असे ती पत्त्यावरून. इथे छाटणी होते ती मालकाच्या नफ्यावरून. ११ जानेवारी २०१८ रोजी मालक मार्क झुकरबर्ग यांनी जाहीर केले, की यापुढे नातलग आणि मित्रांच्या मजकुराला अग्रक्रम, प्रसारमाध्यमे आणि धंद्याच्या पानांना दुय्यम जागा. एवढ्या घोषणेवर जगभरच्या छोट्यामोठ्या प्रकाशकांची पोच आटली. ना नोटीस, ना सुनावणी, ना अपील. ज्यांना पोच परत हवी त्यांनी पैसे मोजावेत, म्हणजे आपणच जमवलेल्या वाचकापर्यंत जायला आपणच भाडे भरावे! आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच.

त्याच्या आधी, ऑक्टोबर २०१७ मध्ये, कंपनीने श्रीलंका, बोलिव्हिया, कंबोडिया, ग्वाटेमाला, सर्बिया आणि स्लोव्हाकिया या सहा देशांत पानांचा मजकूर मुख्य यादीतून काढून वेगळ्या कोपऱ्यात टाकण्याचा प्रयोग केला. गरीब आणि लहान देश, ओरडले तरी ऐकतो कोण? मार्च २०१८ मध्ये प्रयोग गुंडाळला. तोवर तिथल्या लहान वृत्तपत्रांचे जे नुकसान व्हायचे ते होऊन गेले.

पुढे तर उघड दादागिरी झाली. बातम्यांचा मोबदला द्या, असा कायदा ऑस्ट्रेलियाच्या संसदेपुढे येताच १८ फेब्रुवारी २०२१ रोजी कंपनीने त्या देशात बातम्याच बंद केल्या. त्या तडाख्यात हवामान खात्याचे, आरोग्य खात्याचे, अग्निशमन दलाचे पानही कोरे झाले. आठवड्याभरात सरकारशी तडजोड झाली तेव्हा नळ पुन्हा सुटला. कॅनडाने जून २०२३ मध्ये तसाच कायदा केला. १ ऑगस्टपासून तिथेही बातम्या बंद. त्याच महिन्यात उत्तरेकडे वणवे पेटले, यलोनाइफ शहर रिकामे करावे लागले, आणि लोकांना बातमी एकमेकांना पाठवता येईना. भर आगीतही मालकाला पाझर फुटला नाही.

आपल्याकडे २९ जून २०२० रोजी सरकारने ५९ चिनी अॅप बंद केली, त्यात टिकटॉक होते. तिथे हुकूम सरकारचा होता आणि कारण वेगळे होते. पण खेड्यापाड्यातल्या ज्या पोरापोरींनी तिथे आपला प्रेक्षक उभा केला होता, त्यांचा तो प्रेक्षक एका रात्रीत गेला. बटण दुसऱ्याच्या हातात असले की असेच व्हायचे.

यावर काही शहाणे म्हणतात, "कंपनी खाजगी आहे. तिची मालमत्ता, तिची मर्जी." साथींनो, हे उत्तर आपल्याला नवे नाही. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली तेव्हा जीआयपी रेल्वे हीसुद्धा खाजगी कंपनीच होती. म्हणून तिला मर्जीचे राज्य चालवू दिले काय? १८९० च्या रेल्वे कायद्याचे ४२ वे कलम सांगत होते, की कुठल्याही रेल्वेने कुणा एकाला गैरवाजवी झुकते माप देऊ नये. आजच्या १९८९ च्या कायद्यातही ७० वे कलम तेच सांगते. एका व्यापाऱ्याचा कापूस आज चढवायचा आणि दुसऱ्याचा फलाटावर भिजत ठेवायचा, ही मोकळीक कायद्याने कंपनीला ठेवली नाही. गोऱ्या साहेबाच्या राज्यात रेल्वे कंपनीला जो लगाम होता, तो आज स्वतंत्र भारतात या परदेशी कंपन्यांना का नको?

टपालाचेही तेच. १८५४ साली अर्ध्या आण्यात पत्र, अंतर कितीही असो, हा दर आला. त्या दराने गरिबाचा शब्द आणि श्रीमंताचा शब्द एका थैलीत बसवला. पोस्टमन पत्र फोडून पाहत नाही, की हे आवडण्यासारखे आहे काय, मग नेतो. पत्ता बरोबर, तिकीट बरोबर, बटवडा झालाच पाहिजे.

मराठी कामगाराला या गोष्टीची किंमत इतिहासाने शिकवली आहे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी काही काळ रेल्वेत आणि टपाल खात्यात नोकरी केली होती. पुढे 'दीनबंधु' हाती घेऊन त्यांनी गिरणी कामगारांचे दुःख वेशीवर टांगले. ३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेब आंबेडकरांचे 'मूकनायक' निघाले, तेव्हा पैसे देऊ करूनही 'केसरी'ने त्याची जाहिरात छापली नाही. दुसऱ्याच्या ओसरीवर जागा मागितली की काय होते, ते शंभर वर्षांपूर्वीच दिसले. पण जाहिरात नाकारली म्हणून 'मूकनायक' थांबले नाही. माणसे होती, वर्गणीदार होते.

आणखी एक दाखला दक्षिणेतला. तंजावरच्या मराठी गादीवर सरफोजी राजे असताना, एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी, तिथे देवनागरी खिळ्यांचा छापखाना निघाला आणि मराठी पुस्तके छापली गेली. राजाचा पैसा होता, पंडित होते, ग्रंथालय होते. पण अर्ध्या आण्याचे टपाल नव्हते आणि आगगाडी नव्हती. मराठी मुलुखातल्या वाचकापर्यंत तो प्रवाह आला नाही, इकडची छपाई वेगळीच उभी राहिली. याउलट त्याच जिल्ह्यात, कुंभकोणमच्या बाजूला, तिरुक्करुगावूर नावाचे खेडे आहे. तिथल्या गर्भरक्षांबिकेच्या देवळातला तुपाचा प्रसाद दूरदूरचे लोक टपालानेही मागवतात. श्रद्धा ज्याची त्याची, त्यात आम्ही पडत नाही. आमचा मुद्दा एवढाच, की राजाच्या छापखान्याला जे जमले नाही ते एका खेड्याला जमले, कारण मध्ये टपाल आले, रूळ आले, आणि ते सर्वांना सारख्या दराने खुले होते.

आता छापणाऱ्या मंडळींना दोन शब्द सुनावणे भाग आहे. १९९१ पासून 'खाजगी ते चांगले, सरकारी ते कुचकामी' असे अग्रलेख कुणी लिहिले? टपाल कामगार संपावर गेला की जनतेला वेठीला धरल्याची बोंब कुणी ठोकली? फुकट मिळते म्हणून वर्गणीदारांच्या वह्या कुणी माळ्यावर टाकल्या? गरज सरो वैद्य मरो! आता कंपनीने तुम्हालाच वैद्य केले, तेव्हा कळ उठली.

पण आम्ही हिशेब चुकता करायला बसलेलो नाही. सरकारी म्हणजे सगळे सोवळे, असेही आमचे म्हणणे नाही. १८९८ चा टपाल कायदा गेला, २०२३ चा नवा कायदा जून २०२४ पासून लागू झाला, आणि त्याच डिसेंबरात रजिस्टर्ड बुक पोस्ट गाजावाजा न करता बंद पडले. पुस्तकवाल्यांनी ओरड केली, तेव्हा १ मे २०२५ पासून 'ज्ञान पोस्ट' आले : ३०० ग्रॅमला २० रुपये, ५ किलोला १०० रुपये, वर कर. त्यात नियतकालिकांना जागा नाही. म्हणजे हातातले छोटे मासिक त्यातून जाणार नाही. तरीही फरक ध्यानात घ्या. इथे दर छापलेला आहे, कायदा आहे, संसदेत प्रश्न विचारता येतो, आणि ओरड केली की काही तरी हलते. झुकरबर्गच्या दारात कोणता खासदार प्रश्न विचारणार?

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. ज्ञान पोस्टमध्ये वाङ्मयीन, शैक्षणिक आणि कामगार नियतकालिके घ्या. पोस्टमन आणि ग्रामीण डाक सेवकांच्या रिकाम्या जागा भरा, कारण बटवडा करणारा माणूसच नसेल तर सवलतीचा दर काय चाटायचा? स्टेशनवर पुस्तकाच्या स्टॉलला वाजवी भाड्यात जागा ठेवा. आणि या अवाढव्य कंपन्यांना रेल्वे कायद्यासारखा कायदा लावा : वाचकाने ज्याला स्वतः निवडले त्याचा मजकूर त्याला मिळालाच पाहिजे, नियम बदलण्याआधी नोटीस दिलीच पाहिजे, दाद मागायला न्यायाधिकरण असलेच पाहिजे.

प्रकाशकांना आमचे सांगणे असे, की वर्गणीदारांची वही पुन्हा उघडा. नाव, गाव, पत्ता, पिनकोड तुमच्या हातात ठेवा. फेसबुक वापरा, पण स्टेशनबाहेरच्या भिंतीवरच्या पोस्टरसारखे. भिंत दुसऱ्याची आहे हे विसरू नका.

आणि आपल्या शाखांना बजावून सांगतो : युनियनचा निरोप व्हॉट्सअॅपवर टाकला म्हणजे काम झाले, असे समजू नका. तेही त्याच मालकाचे आहे. १९७४ च्या मे महिन्यात आकाशवाणी सरकारच्या ताब्यात होती, तरी संप वीस दिवस लढवला गेला. यार्डापासून गँग हटपर्यंत माणूस माणसाला भेटत होता. सभासदांचे रजिस्टर, नोटीस बोर्ड, गेट सभा आणि हातपत्रक ही आपली पोच आहे. तिचे बटण कुणा मालकाकडे नाही. ते तसेच राहील, हे पाहणे आपल्या हातात आहे.

कामगार एकजुटीचा विजय असो!