गर्द छायेतील परस : कुऱ्हाड उचलण्यापूर्वी

आमच्या गावाच्या नावात ‘रंगारी’ हा शब्द आहे. परंतु गावातील जुन्या घरांच्या परसात डोकावून पाहिले असता रंग म्हणून काही दृष्टीस पडत नाही. चिंचेचे किंवा कडुलिंबाचे एक थोर झाड, त्याखाली पायांनी तुडवून टणक झालेली उघडी जमीन, उन्हाळ्यात धूळ व पावसाळ्यात चिखल, हेच चित्र बहुतेक ठिकाणी आढळते. कारण विचारले असता घरधनी सांगतो, “झाडाखाली काही येत नाही.” हे विधान अर्धेच खरे आहे. झाडाखाली उन्हातली रोपे येत नाहीत, सावलीतली येतात. परंतु या अर्ध्या सत्याच्या भरवशावर दोन पिढ्यांनी जोपासलेले झाड एका दिवसात आडवे करण्याच्या गोष्टी घराघरांत होऊ लागतात, म्हणून चार शब्द लिहिणे आम्हांस अवश्य वाटले.

कापूस, मका व अद्रक यांच्या चर्चेसाठी असलेल्या मासिकात शोभेच्या रोपांस जागा कशाला, असे काही वाचक म्हणतील. त्यांस आमचे उत्तर इतकेच की, आपण दिवसाचे काही तास शेतात असतो. परंतु घरातील स्त्रिया, मुले व वृद्ध माणसे यांचा पुष्कळसा दिवस परसात जातो. तेथेच भांडी घासली जातात, धान्य पाखडले जाते, वासरू बांधले जाते. शेतातील गुंठ्यागुंठ्याचा हिशेब ठेवणाऱ्याने घरामागील जमीन मात्र ओसाड टाकावी, हे त्यास शोभत नाही.

प्रसंग आमच्याच घरचा आहे. महसूल खात्यातील कारकुनी संपवून आम्ही घरी बसलो, त्या वर्षी परसात रंगीत फुले असावीत अशी इच्छा सूनबाईंनी दर्शविली. चिरंजीवांनी गुलाब, झेंडू, शेवंती व हिरवळीच्या गवताचे तयार तुकडे विकत आणले. गवत दोन महिन्यांत पिवळे पडून विरून गेले. गुलाबास लांब काड्या फुटल्या, पण कळी आली नाही. झेंडू तर उभाच राहिला नाही. तेव्हा चिरंजीव म्हणाले, “अण्णा, ही चिंचच काढून टाकू. मग पाहा कशी फुलं येतात ती.” आम्ही म्हणालो, “अरे, चिंचेचं काही चुकलं नाही. आपली खरेदी चुकली. एक पावसाळा मला दे.”

नोकरीत असताना वृक्षतोडीच्या परवानगीचे अर्ज आमच्या हाताखालून गेले आहेत. महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ याच्या अनुसूचीत साग, आंबा, मोह, जांभूळ, फणस, खैर, चंदन यांच्याबरोबर चिंचेचेही नाव आहे. स्वतःच्या जागेतील चिंच तोडावयाची झाली तरी लेखी परवानगी घ्यावी लागते, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे. परंतु कायद्याचे भय हे आम्ही दुय्यम कारण समजतो. चैत्र-वैशाखात आपल्या भागात पारा ४० अंशांच्या वर जातो, त्या दिवसांत घराची मागील भिंत व पत्र्याचे छप्पर तापू न देणारे हेच झाड होय. चिंच तोडल्याने गुलाब येईल. परंतु तो पाहावयास दुपारी परसात कोणी बसणार नाही.

तेव्हा झाड ठेवून रंग कसा आणावा, हा खरा प्रश्न आहे. मोजणी झाल्यावाचून वाटणी करू नये, हा महसुलाचा नियम येथेही लागू पडतो. सकाळी आठ, दुपारी बारा व चार वाजता परसात फिरावे आणि ऊन जेथे पडते तेथे राखेने खूण करावी. सूर्य ऋतूप्रमाणे सरकतो, म्हणून ही खूण उन्हाळ्यात एकदा व हिवाळ्यात एकदा करावी. असे केले असता परसाचे तीन भाग आपोआप पडतात. पहिला, बुंध्याजवळचा, जेथे ऊन मुळीच येत नाही. दुसरा, फांद्यांखालचा, जेथे उन्हाचे कवडसे हलत असतात. तिसरा, कडेचा, जेथे सकाळी किंवा सायंकाळी दोन-तीन तास ऊन लागते. एका भागाचे रोप दुसऱ्यात लावणे हीच बहुतेक अपयशाची जड आहे.

दुसरी गोष्ट, गर्द छायेत रंगासाठी फुलावर विसंबू नये, पानावर विसंबावे. फूल व फळ धरण्यास रोपाजवळ शिल्लक अन्न लागते, व अन्न तयार होते ते उन्हावर. छायेतील रोप मिळेल तो प्रकाश गोळा करून पाने पोसते, फुलापर्यंत त्याची मजल क्वचितच जाते. पानाच्या रंगास मात्र वेगळा खर्च पडत नाही, आणि फूल चार दिवस टिकते तर पान महिनोमहिने टिकते.

आता रोपांची नावे. बुंध्याजवळच्या पहिल्या भागात, नर्सरीवाले ज्यास स्नेक प्लांट म्हणतात ते तलवारीसारख्या उभ्या पानांचे, पिवळ्या किनारीचे रोप लावावे. ते अंधार व पाण्याची टंचाई दोन्ही सोसते. त्याच्या पुढे रिओ लावावा. त्याचे पान वरून हिरवे व खालून जांभळे असून त्याची दाट झुंबडे होतात.

कवडशांच्या दुसऱ्या भागात जमीन झाकण्यासाठी झेब्रिना उत्तम. रुपेरी व जांभळ्या पट्ट्यांची ही वेल जमिनीवर पसरते व तिचा प्रत्येक सांधा मूळ धरतो. येथेच कोलियस व रंगीत अळू, म्हणजे कॅलेडियम, यांनी लाल, गुलाबी व पांढरा रंग येतो. कोलियसची फांदी पेलाभर पाण्यात ठेवली तरी मुळे फुटतात, म्हणून एक रोप आणले की शेजारच्या चार घरांची सोय होते. मात्र अगदी गर्द जागी ते काडीसारखे वाढून फिके पडते. रंगीत अळूची पाने हिवाळ्यात जातात; कंद मेला असे समजून तो उपटू नये.

परदेशी रोपांच्या ओघात आपल्या मातीतली विसरू नयेत. भुईचाफ्याचे सुवासिक, पांढरे-जांभळे फूल उन्हाळ्यात पानांच्या आधी थेट जमिनीतून वर येते, आणि मागून येणारे पान खालून जांभळे असते. सह्याद्रीच्या रानात पावसाळ्यात फुलणारे पेव, त्याच्या लाल बोंडांतून येणाऱ्या पांढऱ्या फुलांसह, ओलसर सावलीत चांगले होते. आणि हळद व अद्रक तर आहेतच. कन्नड, खुलताबाद व फुलंब्री तालुक्यांतील शेतकऱ्यास अद्रकाचे वेगळे काय सांगावे? अर्ध्या सावलीत ही दोन्ही पिके पावसाळाभर परस हिरवेगार ठेवतात व स्वयंपाकघरासही उपयोगी पडतात. मात्र शेतातील रोगट बेणे परसात आणू नये. पाणी साचले तर कंदकूज येथेही सुटत नाही.

कडेच्या तिसऱ्या भागात अबोली लावावी. थोड्या उन्हावर ती वर्षातील बहुतेक महिने फुलते, व सूनबाईंची फुलांची मूळ इच्छा तिनेच पुरी केली. मोरीचे पाणी जेथे झिरपते तेथे भाजीचे अळू व ब्राह्मी लावावी; ब्राह्मी जमिनीवर हिरवी चादर पसरते.

लावणीत आमच्या हातून एक चूक झाली ती लपवून ठेवीत नाही. टणक जमीन पाहून आम्ही बुंध्याभोवती तीन टोपल्या गाळाची माती चढविली व मुळांमधून कुदळ चालविली. पुढे एका जाणत्या माळ्याने ती माती काढावयास लावली. बुंध्यास माती टेकली की साल कुजते, आणि वरची मुळे तोडली की झाड उपाशी राहते. म्हणून बुंध्यापासून हातभर जागा मोकळी सोडावी, मुळांच्या मधल्या जागी खुरप्याने लहान आळी करावीत, व त्यांत कुजलेला पालापाचोळा व शेणखत भरावे. जेथे मुळेच मुळे असतील तेथे कुंड्या ठेवाव्यात. चिंचेची गळलेली पाने झाडून जाळू नयेत. तीच आच्छादन म्हणून पसरावीत.

आपल्या जिल्ह्यात वर्षाचा पाऊस सरासरी सुमारे ७०० मिलिमीटर, व त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. म्हणून लावणी मृगाचा पाऊस झाल्यावरच करावी. उन्हाळ्यात लावलेले रोप पाण्यावर जगले तरी रुजत नाही. मोठे झाड जमिनीतील ओल प्रथम स्वतः पिते, म्हणून पहिल्या वर्षी हिवाळ्या-उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा बेताचे पाणी द्यावे. रोज थोडेथोडे शिंपडणे व्यर्थ. त्याने डास होतात, मुळे वरच्या वर राहतात.

तीन सावधगिऱ्या सांगणे आमचे कर्तव्य आहे. पहिली, डिफेनबेकिया नावाचे ठिपक्यांच्या पानांचे रोप सावलीत सुंदर होते, पण त्याचे पान चावले तर जीभ व घसा सुजतो. रंगीत अळूचाही गुण असाच आहे. लहान मूल किंवा वासरू पोहोचेल तेथे ही दोन्ही लावू नयेत. दुसरी, पिवळ्या फुलांची वेडेलिया वेल कोणी फुकट दिली तरी घेऊ नये. घाणेरीप्रमाणे तिचेही नाव जगातील अत्यंत उपद्रवी अशा १०० परकीय जातींच्या यादीत आहे. गाजरगवताने आपल्या बांधांची काय दशा केली हे ज्यांनी पाहिले, त्यांस अधिक सांगणे नलगे. तिसरी, दार, जनावरांची जागा व वहिवाटीची वाट यांच्या कडेस दोन हात जमीन स्वच्छ ठेवावी. दाट पानांत विंचूकाटा बसतो, आणि सडा-सारवणास व धान्य वाळविण्यासही उघडी जागा लागतेच. सारे परस झाकावे असा आमचा आग्रह नाही.

या खटाटोपास पैसा लागतो असे कोणी म्हणेल. आमच्या परसातील निम्म्याहून अधिक रोपे शेजारच्या घरांतून आलेल्या फांद्या व कंद यांची आहेत. चिरंजीवांनी प्रथम आणलेल्या गुलाब-गवतास जो खर्च झाला, त्याहून हा कमी झाला. एक पावसाळा मागितला होता, त्यास दुसरा जोडावा लागला हेही खरे. परंतु आता चिंच जागच्या जागी आहे, तिच्याखाली जांभळा व लाल रंग आहे, आणि ती तोडण्याची गोष्ट चिरंजीव पुन्हा काढीत नाहीत.

ज्या वाचकांच्या घरी असा विचार चालू असेल त्यांनी कुऱ्हाड उचलण्यापूर्वी निदान दोन पावसाळे थांबावे, सावलीची मोजणी करावी व रोपे बदलून पाहावीत, एवढी आमची विनंती आहे. रोप चुकले तर पुढच्या मृगात दुसरे लावता येते. झाड चुकून तोडले गेले, तर ते भरून येण्यास आपले उरलेले आयुष्य पुरणार नाही. इत्यलम्.