डब्यात राहायचं कोणी?

परवा माझ्या चुलतभावाचा फोन आला. आवाजात इतका उत्साह की मला वाटलं घरात कुणाचं लग्न ठरलं. म्हणाला, "अरे, दातिवऱ्याचं घर काढून टाकू. चाळीस फुटी दोन कंटेनर आणू, समुद्राकडे तोंड करून. काचा लावू, एसी लावू आणि शनिवार-रविवार भाड्याने देऊ. आईला मागच्या बाजूला एक वीस फुटी. फक्त तुझी सही पाहिजे."

वाडीच्या सातबाऱ्यावर माझंही नाव आहे, म्हणून सही. आणि आई म्हणजे माझी काकू. वय वर्षं चौऱ्याहत्तर. ती आजही त्या कौलारू घरात एकटी राहते आणि दुपारी पडवीत आडवी होते.

"दादा, विचार करून सांगतो," एवढंच म्हणालो. विचार झाला. उत्तर 'नाही' आहे. पण नुसतं 'नाही' म्हटलं की 'तू जुनाट' हे ठरलेलं. म्हणून हा सगळा प्रपंच.

आधी त्याची बाजू सांगतो, ती अगदीच पोकळ नाही. डबा मजबूत असतो हे खरं. माल्कम मॅकलीन नावाच्या ट्रकवाल्यानं १९५६ साली नेवार्कहून ह्यूस्टनला जहाजातून ५८ पेट्या पाठवल्या आणि जगाचा व्यापारच बदलला. लादलेल्या पेट्या एकावर एक रचता येतात. रस्त्याच्या किंवा पुलाच्या कामावर साहेबांचं ऑफिस डब्यातच असतं. मुंबई महापालिकेचे कितीतरी 'आपला दवाखाना' असल्याच पोर्टाकॅबिनमध्ये चालतात. जिथं जागा चार दिवसांची आणि गरज आजची, तिथं डब्यासारखी सोय नाही. माझं त्याच्याशी भांडण नाही.

माझं भांडण 'घर' या शब्दाशी आहे.

एक साधा हिशेब मांडू. डबा बाहेरून आठ फूट रुंद. आतून भरतो २.३५ मीटर, म्हणजे पावणेआठ फुटांनाही जरा कमीच. आपल्या राष्ट्रीय इमारत संहितेनुसार एकच खोली असेल तर ती किमान २.४ मीटर रुंद हवी. म्हणजे काहीही करायच्या आधीच डबा पाच सेंटिमीटरनं नापास! उंचीचंही तेच. राहत्या खोलीला २.७५ मीटर उंची हवी, साध्या डब्याची आतली उंची २.३९. 'हाय क्यूब' नावाचा उंच डबा घेतला तरी २.६९. आता हा पत्रा उन्हात तापतो म्हणून आतून दोन-दोन इंच थर्माकोल किंवा फोम लावा, वर प्लायवूड लावा. राहिली खोली सात फूट. त्यात डबल बेड टाकला की बाजूनं आडवं होऊन जायचं. रेल्वेच्या डब्यात आपण तसे जातो, पण तिथं आपलं स्टेशन येतं.

"पण स्वस्त पडतं रे!" इति दादा.

चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. डब्याची ताकद त्याच्या चार कोपऱ्यांच्या खांबांत असते आणि त्यांना धरून ठेवतो तो भिंतींचा नागमोडी पत्रा. समुद्र दिसावा म्हणून तुम्ही एक अख्खी भिंत कापली की ती ताकद गेली. मग बोईसरहून फॅब्रिकेशनवाला आणा, चौकट वेल्ड करा. ट्रेलर आणा, क्रेन आणा. आमच्या वाडीत बैलगाडी जेमतेम वळायची, तिथं चाळीस फुटी ट्रेलर वळवायला किती माड तोडावे लागतील ते दादानं सांगितलं नाही. एवढं करून पाऊस आणि ऊन थांबत नाही म्हणून वर पत्र्याची शेड. मला सांगा, वर छप्पर घालायचंच होतं तर खाली डबा कशाला?

गेल्या मे महिन्यात याच किनाऱ्यावर एका कंटेनर कॉटेजात मी एक रात्र काढली. (नाव सांगत नाही, माणसं भली होती.) दुपारी एकला लाईट गेली. अर्ध्या तासात आम्ही सगळे पाहुणे सुरूच्या झाडाखाली! आत हात लावावा तिथं गरम. कतारनं २०२२ च्या फुटबॉल विश्वचषकासाठी ९७४ कंटेनर वापरून एक स्टेडियम बांधलं, त्याचं जगभर कौतुक झालं. पण त्या स्टेडियममध्ये थंड हवेची यंत्रणा नव्हती आणि तिथले सामने संध्याकाळनंतरच ठेवले होते. दुपारचं काय ते त्यांनाही ठाऊक होतं.

मग खारं वारं. डब्याचं पोलाद खास असतं, त्यावर गंजाचाच एक घट्ट थर बसतो आणि तो आतल्या लोखंडाला जपतो. पण त्यासाठी ते आलटून पालटून भिजायला आणि सुकायला हवं. सतत मिठाचे कण बसले तर तो थर धरत नाही. वैतरणेच्या मुखावर, समोर अर्नाळ्याचा किल्ला दिसतो अशा जागी सायकलची चेन दोन पावसाळे टिकत नाही. डबा रंगवत बसायचं दरवर्षी. कोण रंगवणार, काकू?

आणि जमीन. म्हणजे डब्याची फळी. जाड प्लायवूड असतं, त्याला वाळवी-कीड लागू नये म्हणून औषध मारलेलं असतं. कोणतं, ते दारावरच्या पाटीवर लिहिलेलं असतं. जहाजावर ते ठीक आहे. त्यावर लहान पोर रांगायचं असेल तर आधी ती पाटी वाचलेली बरी. पाटी खरवडून, रंग मारून विकलेला डबा असेल तर वाचणार काय?

'पर्यावरणपूरक' हा तर लाडका शब्द. चाळीस फुटी रिकाम्या डब्यात पावणेचार टनांच्या आसपास माल असतो, बहुतेक पोलादच. जहाजावर नऊ थर रचले तरी टिकावं म्हणून ते इतकं जाड. तीनशे चौरस फुटांच्या खोलीला एवढं लोखंड कशाला? वितळवलं तर कितीतरी घरांच्या सळया होतील. शिवाय एसीचं बिल येणार ते वेगळंच.

पण खरी मेख वेगळीच आहे. दादा हळूच म्हणाला, "आणि हे बांधकाम धरत नाहीत. चाकावर ठेवलं की झालं." हाच तो मुद्दा! किनाऱ्यालगत भरतीरेषेपासून किती अंतरात काय बांधायचं याचे सीआरझेडचे नियम १९९१ पासून आहेत, २०१९ मध्ये नवे आले. काकूला मागे एक न्हाणी बांधायची होती तर चार कागद, चार खेपा. आणि चार टनांचा डबा म्हणे 'तात्पुरता'. अहो, मोबाइलच्या टॉवरलासुद्धा सर्वोच्च न्यायालयानं २०१६ साली मालमत्ता कराच्या दृष्टीनं इमारतच मानलं. गावकऱ्याची न्हाणी पक्की आणि शहरवाल्याचं कॉटेज तात्पुरतं, हा न्याय कुठला?

तात्पुरतं म्हणजे काय ते वादळ शिकवतं. १७ मे २०२१ ला तौक्ते इथल्या किनाऱ्याला घासून गेलं. आमची दीडशे-दोनशे कौलं उडाली. आठ दिवसांत माणसं आली, कौलं बसली. डबा नीट जखडलेला नसता आणि सरकला असता, तर तो उचलायला पुन्हा क्रेन. ती येईपर्यंत काकू कुठं?

हे मी एका घरापुरतं लिहीत नाहीये. वाढवण बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ ला झाली. ७६ हजार कोटींचं बंदर, वर्षाला दोन कोटींहून जास्त डबे हाताळण्याची क्षमता. मच्छीमार विरोध करताहेत, तो वेगळा विषय. पण उद्या आपल्याच जिल्ह्यात डब्यांचे डोंगर उभे राहतील, जुने डबे हाताशी येतील, आणि केळव्यापासून दातिवऱ्यापर्यंत प्रत्येक वाडीत एक दादा फोन करेल. तेव्हा 'नाही' म्हणायची सवय आत्ताच लागलेली बरी.

दादाची गरज मात्र खरी आहे. वाडीतून पूर्वीसारखं उत्पन्न नाही, मुलाची फी आहे. म्हणून माझाही एक प्रस्ताव. डब्यांसाठी जे पैसे मी घालायचे होते, ते घालतो. वासे बदलू, कौलं शाकारू, पडवी दोन खणांनी वाढवू, दोन खोल्या पाहुण्यांना देऊ. काकूचा स्वयंपाक कुठल्या डब्यात मिळत नाही, त्याचेही पैसे घेऊ. तिच्या नावानं.

रविवारी सफाळ्याला उतरतोय. दादा स्टेशनवर येणार आहे, कागद घेऊन. मी टेप घेऊन जातोय, पडवी मोजायला.