घरसंसारांतील चार गोष्टी: भिंतींत दडलेला धूर

पुण्यांतील एका जुन्या पेठेंत राहणाऱ्या वाचक भगिनींचें पत्र गेल्या महिन्यांत आम्हांस आलें. त्यांच्या वाड्याचा पुनर्विकास करण्याचें घाटत आहे. वाडा डागडुजी करून राखावा, असें मामंजींच्या मनांत आहे. तो पाडून चार मजली इमारत उठवावी, म्हणजे प्रत्येकास स्वतंत्र बिऱ्हाड होईल आणि गुडघे धरलेल्या सासूबाईंची जिन्यापासून सुटका होईल, असें भाऊजी म्हणतात. हा वाद चालला असतां अभियांत्रिकीचें शिक्षण घेणारे त्यांचे चिरंजीव मध्येंच म्हणाले कीं, "आजोबा, नवें घर बांधण्यांत कार्बन किती खर्चीं पडेल, याचाहि हिशेब कोणी करणार कीं नाहीं?" सारें घर हंसलें. त्या दिवसापासून मुलगा पानावर बसून मुकाट्यानें जेवतो व उठून जातो. "त्याचें म्हणणें खुळेपणाचें आहे काय?" असें त्या बाईंनीं आम्हांस विचारलें आहे.

आमचें उत्तर असें कीं, तें मुळींच खुळेपणाचें नाहीं. मात्र आंकड्यांवांचून केलेली सूचना वडील मंडळींना हवेंतली वाटली, तर त्यांनाहि दोष देतां येणार नाहीं. तेव्हां जो हिशेब चिरंजीवांनीं मांडावयास हवा होता, तो आपण येथें मांडून पाहूं.

घरापायीं हवेंत जाणारा धूर दोन प्रकारचा असतो. दिवे, पंखे, स्वयंपाक यांपासून होणारा धूर वर्षानुवर्षें थोडाथोडा जातो, आणि पुढेंमागें छपरावर सूर्यशक्तीचीं तावदानें बसवून तो कमीहि करतां येतो. दुसरा धूर, घरांत पाऊल टाकण्यापूर्वींच झालेला असतो. सिमेंटच्या भट्टींत, पोलादाच्या कारखान्यांत, वीटभट्टीवर आणि मालाच्या वाहतुकींत. वास्तुशांतीच्या दिवशीं आपण पेढे वांटतों, तेव्हां हा सारा खर्च होऊन चुकलेला असतो व मागाहून कितीहि काटकसर केली तरी त्यांतील एक कवडीहि परत येत नाहीं. तज्ज्ञ यास अंतर्भूत कार्बन म्हणतात. आम्ही त्यास भिंतींत दडलेला धूर म्हणूं.

यांत मोठा वांटा सिमेंटचा. चुनखडी व माती सुमारें १,४५० अंश उष्णतेंत भाजून सिमेंटचे खडे करतात. शुद्ध चुनखडी १०० किलो भाजली, तर ५६ किलो चुना हातीं येतो आणि उरलेले ४४ किलो कार्बन डायऑक्साइड होऊन उडून जातात. म्हणजे कोळशाऐवजीं दुसरें कोणतेंहि जळण वापरलें, तरी दगडाच्या पोटांतला हा वायु बाहेर पडावयाचाच. सिमेंटच्या एकंदर धुरापैकीं निम्म्याहून अधिक भाग जळणाचा नसून दगडाचाच असतो, ही गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते. मनुष्यजात जेवढा कार्बन डायऑक्साइड हवेंत सोडते, त्यांतील सुमारें ७ ते ८ टक्के एकट्या सिमेंटचा आहे.

साध्या सिमेंटच्या एका टनामागें धोपट मानानें ०.९ टन वायु धरतात. तेव्हां ५० किलोंच्या गोणीमागें ४५ किलो झाले. आतां स्वयंपाकघरांतील मापानें पाहूं. आपल्या घरगुती सिलिंडरांत १४.२ किलो गॅस असतो. तो सारा जळला म्हणजे सुमारें ४२ किलो वायु होतो. सिमेंटची एक गोणी म्हणजे जवळजवळ एक सिलिंडर, एवढें सूत्र गृहिणींनीं लक्षांत ठेवलें म्हणजे पुरे.

हिशेबाची रीतहि किराण्याच्या यादीहून अवघड नाहीं. प्रत्येक मालाचें वजन घ्यावें, किलोमागें किती धूर होतो त्या आंकड्यानें गुणावें, आणि बेरीज करावी. असे आंकडे इंग्लंडांतील बाथ विद्यापीठांत हॅमंड व जोन्स यांनीं संकलित केले असून आपल्या अभियंत्यांनाहि ते परिचित आहेत.

समजा, भाऊजींची इमारत ६,००० चौरस फुटांची आहे. कंत्राटदारांच्या ठोकताळ्याप्रमाणें चौरस फुटास ०.४ गोणी सिमेंट व ४ किलो सळई लागते. म्हणजे २,४०० गोण्या आणि २४ टन पोलाद. सिमेंटचा धूर १०८ टन. पोलादाच्या टनामागें आपल्या देशांत सुमारें अडीच टन पडतात. ते ६० टन. एकूण १६८ टन! विटा, फरशी, काचा व वाहतूक हीं निराळींच. चार बिऱ्हाडांनीं मिळून दरमहा चार सिलिंडर जाळले, तर एवढा धूर करावयास त्यांना ऐंशीं वर्षें लागतील. चिरंजीवांनीं हा आंकडा सांगितला असता, तर आमची खात्री आहे कीं कोणी हंसलें नसतें.

मग वाडा पाडूंच नये काय? असा सरसकट निकाल आम्ही देणार नाहीं. वाड्याच्या विटा व चुना भाजतांना जो धूर झाला, तो कधींच निवून गेला आहे. चुन्यानें तर घट्ट होतांहोतां हवेंतला पुष्कळसा वायु परत शोषूनहि घेतला. आणि सागवानी खांबांत, झाडानें हवेंतून घेतलेला कार्बन अद्यापि साठून आहे. म्हणून जें उभें आहे तें राखणें, याहून स्वस्त उपाय नाहीं. परंतु तुळया वाळवीनें पोखरल्या असतील, भिंती फुगल्या असतील, तर धुराच्या हिशेबापायीं माणसांचे जीव धोक्यांत घालणें हा शहाणपणा नव्हे. सासूबाईंचे गुडघे हेंहि खरेंच दुखणें आहे. तेव्हां प्रथम जाणत्या अभियंत्याकडून वाडा तपासून घ्यावा. पुढचा सोपा सुस्थितींत असेल तर तो राखून मागील बाजूसच नवें बांधकाम करतां येईल काय, हें पाहावें.

बांधावयाचेंच ठरलें, तर धूर कमी करण्याचे मार्ग आहेत. औष्णिक वीजकेंद्रांतील राख मिसळलेलें पी. पी. सी. सिमेंट बाजारांत मिळतें. परळी, चंद्रपूर, नाशिकजवळील एकलहरें येथें राखेला तोटा नाहीं. भाजलेल्या चुनखडीचा ३० टक्के भाग राखेनें भरून काढला, तर वरील इमारतींत तीस टनांहून अधिक धूर वांचतो. मात्र हें सिमेंट सावकाश बळ धरतें. साध्या सिमेंटास किमान ७ दिवस पाणी मारावें, तर यास किमान १० दिवस. तेथें गवंड्याची घाई चालूं देऊं नये. लोझान येथील कॅरन स्क्रिव्हनर यांच्या पुढाकारानें व दिल्ली आणि मद्रास येथील आय. आय. टी. संस्थांच्या सहकार्यानें भाजलेली माती व कच्ची चुनखडी घालून नव्या जातीचें सिमेंट सिद्ध झालें आहे. त्यांत भट्टींतला भाग निम्माच असल्यानें धूर ४० टक्क्यांपर्यंत कमी होतो. २०२३ सालीं आपल्या मानक संस्थेनें त्यास मान्यताहि दिली.

दुसरा मार्ग माल कमी लावण्याचा. केरळांत लॉरी बेकर (१९१७–२००७) यांनीं विटा कडेवर उभ्या रचून मध्यें पोकळी ठेवण्याची पद्धत रूढ केली. तिच्यांत विटा सुमारें चतुर्थांशानें कमी लागतात व भिंतीहि थंड राहतात. कोंकणांत तर जांभा आहेच. तो भट्टींत न जातां खाणींतून थेट भिंतींत जातो. दालनें अवाढव्य न करणें, वाड्याचे सागवान व दगड पुन्हां वापरणें, यांनींहि पुष्कळ साधतें. फक्त खांब व पाया यांत अभियंत्यानें सांगितल्याखेरीज काटकसर करूं नये, आणि "असूं द्या दोन घमेलीं जास्त" ही उधळपट्टीहि होऊं देऊं नये.

असो. त्या भगिनींना आमची सूचना एवढीच कीं, त्यांनीं चिरंजीवांच्या हातीं कागद, पेन्सिल व कंत्राटदाराचें अंदाजपत्रक द्यावें आणि वाड्याची डागडुजी, अर्धें नवें बांधकाम व सर्वस्वीं नवी इमारत अशा तिन्हींचे हिशेब, रुपयांचा व धुराचा, शेजारीं शेजारीं मांडावयास सांगावें. तो कागद मामंजींनीं व भाऊजींनीं एकत्र बसून वाचावा. निर्णय कोणताहि होवो, तो डोळे उघडे ठेवून झालेला असेल. आणि जेवणाच्या पंगतींत एका मुलाचा आवाज पुन्हां ऐकूं येऊं लागेल, हाहि लाभ लहान नव्हे.