दिशा बदलली की गुण बदलतो

जुनं वर्तमानपत्र घ्या. आधी उभं फाडा, मग आडवं. एका बाजूनं कागद सरळ फाटतो, दुसऱ्या बाजूनं वाकडातिकडा. कागद तोच, हातही तेच. पण कारखान्यात कागद तयार होताना त्यातले बहुतेक तंतू एकाच दिशेनं बसलेले असतात. आपल्या उमरेडकडे बुरूड बांबू उभाच चिरतात, तेही याच कारणानं.

आता अतिसंवाहक पाहू. काही पदार्थ अतिशय थंड केले की त्यांतून वीज विनाअडथळा वाहते आणि ते चुंबकीय क्षेत्र बाहेर ढकलतात. क्षेत्र एका मर्यादेपलीकडे वाढलं की हा गुण संपतो. मुलं ही मर्यादा एकच आकडा म्हणून पाठ करतात. आम्ही विचारतो, "कोणत्या दिशेनं?"

याचं उदाहरण महाराष्ट्रातलंच आहे. १९९४ मध्ये मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील आर. नागराजन, एल. सी. गुप्ता, झाकीर हुसेन आणि सहकाऱ्यांनी यट्रियम, निकेल, बोरॉन व कार्बन यांच्या संयुगात सुमारे उणे २६१ अंश सेल्सिअसला अतिसंवाहकता सापडल्याचं जाहीर केलं. निकेल हा चुंबकीय धातू, आणि चुंबकत्व हे सहसा अतिसंवाहकतेचं वैरी. म्हणून याचं नवल वाटलं.

पुढे या कुळातले स्फटिक तपासले गेले. त्यांत अणूंचे थर असतात. यट्रियमच्या स्फटिकात क्षेत्र थरांना समांतर असो वा काटकोनात, मर्यादेत फारसा फरक पडत नाही. यट्रियमच्या जागी होल्मियम आलं की रचना तीच राहते. पण होल्मियमचे अणू स्वतःच चिमुकले चुंबक असतात आणि ते थरांच्या पातळीतच सहज वळतात. त्यामुळे समांतर क्षेत्रात अतिसंवाहकता लवकर मोडते, काटकोनातल्या क्षेत्रात जास्त तग धरते.

हा फरक प्रयोगशाळेपुरता नाही. तांबे आणि ऑक्सिजनचे थर असलेले काही अतिसंवाहक द्रवरूप नायट्रोजनच्या, म्हणजे उणे १९६ अंशांच्या थंडीतही काम देतात. त्यांच्या चपट्या पट्ट्या गुंडाळून बलवान चुंबक बनवतात. इथं गोष्ट उलटी आहे: क्षेत्र पट्टीच्या रुंद बाजूवर काटकोनात पडलं की ती कमी वीज पेलते. वेटोळ्याच्या टोकांशी क्षेत्राच्या रेषा वळतात, तिथं नेमकं हेच घडतं. म्हणून अभियंत्याला हिशेब कमकुवत दिशेचा धरावा लागतो. नाहीतर चुंबक एकाएकी तापून निकामी होऊ शकतो.

विज्ञान शाखेतल्या मुलामुलींनो, पदार्थाचा गुण सांगताना तुम्ही तापमान लिहिता. पदार्थ स्फटिकाचा असेल, तर दिशाही विचारत जा.