झाडीपट्टीत गुरू शोधताना

‘गावात गाणे शिकवणारे चांगले कोणी आहे का?’ हा प्रश्न चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांतल्या शिक्षकांना नवा नाही. आम्ही मराठी शिकवणारी माणसे. संगीताचे अधिकारी नव्हे. तरीही स्नेहसंमेलन आटोपले, एखाद्या मुलीच्या गळ्याचे कौतुक झाले, की तिचे पालक हा प्रश्न घेऊन आमच्याकडे येतात. त्यावरचे रूढ उत्तर ठरलेले आहे : नागपूरला पाठवा. नागपूर चंद्रपूरहून दीडशे किलोमीटर, आणि सिरोंचाहून त्याच्या दुपटीहून अधिक. म्हणजे हे उत्तर बहुतेकांसाठी नकारच असतो, फक्त तो सभ्य शब्दांत दिलेला असतो. आमचे म्हणणे असे, की या उत्तरात अंतराइतकीच दृष्टीचीही अडचण आहे. ‘शिक्षक’ कोणाला म्हणायचे हे आपण आधीच ठरवून टाकले आहे, आणि त्या व्याख्येत न बसणारी माणसे आपल्याला दिसेनाशी झाली आहेत.

गुरूच्या शोधाविषयी मराठी मनात एक भारलेली कल्पना आहे. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी ग्वाल्हेर गायकी मिळवण्यासाठी सोसलेले कष्ट, किंवा १९३३ साली अकराव्या वर्षी गदगचे घर सोडून ग्वाल्हेर, जालंधर अशी वणवण करणारे भीमसेन जोशी, या कथा आपण भक्तिभावाने सांगतो. परंतु भीमसेनांना हवा असलेला गुरू अखेर घराजवळच्या कुंदगोळात सवाई गंधर्वांच्या रूपाने भेटला, हा तपशील आपण घाईने ओलांडतो. त्याच सवाई गंधर्वांकडे गंगूबाई हनगल हुबळीहून रेल्वेने जात-येत शिकल्या. ही हकीकत आम्हांला अधिक मोलाची वाटते. घर सोडून पळून जाण्याची मुभा मुलग्याला असते. मुलीला हवी असते ती जाणारी आणि संध्याकाळी परत आणणारी गाडी. गडचिरोली जिल्ह्यात गोंदिया-बल्लारशा लोहमार्ग देसाईगंजला स्पर्श करून निघून जातो. बाकीच्या जिल्ह्याची भिस्त एस.टी.वर. तेव्हा संध्याकाळी सहाला सुरू होणारा क्लास शेवटच्या बसच्या वेळेशी जुळतो की नाही, यावर इथे कित्येक गळ्यांचे भवितव्य ठरते.

विष्णु दिगंबर पलुस्करांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले, तेव्हा गुरुगृही अडकलेली विद्या त्यांनी वर्गात आणली. पुढे १९३१ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक ते अलंकार या परीक्षांमुळे लहान गावातल्या मुलांनाही अभ्यासक्रमाची पायवाट मिळाली. हे उपकार थोडे नव्हेत. मात्र परीक्षा हे साधन आहे, याचा विसर पडू लागला आहे. दहावीला शास्त्रीय कलांसाठी वाढीव गुण मिळू लागल्यापासून काही पालकांचा पहिला प्रश्न ‘किती परीक्षा होतील?’ हा असतो. वर्षभर परीक्षेपुरते मोजके राग घोटायचे, आणि मूल अनोळखी गाणे ऐकून उचलू शकते का हे कधी तपासायचेच नाही, असा प्रकार त्यातून घडतो.

आता ज्यांना आपण शिक्षक म्हणत नाही, त्यांच्याकडे वळू. दिवाळीनंतर मंडईचे दिवस सुरू झाले की वडसा, अर्थात देसाईगंज, येथून नाटक कंपन्या गावोगाव निघतात. झाडीपट्टीचे नाटक रात्रभर चालते आणि त्यातले संगीत समोर बसलेले वादक प्रत्यक्ष वाजवतात. गायक नटाचा आवाज त्या रात्री बसला असेल तर ऑर्गनवाल्याला पट्टी तिथल्या तिथे उतरवावी लागते. कोणी ओळ गाळली तर तबलजीला समेवर सांभाळून घ्यावे लागते. कानाची ही तयारी कोणत्याही पाठ्यपुस्तकात मिळत नाही. डॉ. परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली तेव्हा या रंगभूमीचे नाव दिल्लीपर्यंत पोचले; परंतु तिचा वादक आमच्याच गावात राहतो आणि त्याच्याकडे मुलाला शिकायला पाठवता येईल, हे मात्र आमच्या मनात आले नाही.

दुसरे विद्यापीठ भजनमंडळांचे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या खंजिरीने ही भूमी जागवली. १९४२च्या चिमूरच्या उठावाशी त्यांच्या भजनांचे नाते सर्वांना ठाऊक आहे. गुरुदेव सेवा मंडळाच्या परंपरेत गावोगावी पेटी, तबला आणि खंजिरी वाजवणारी माणसे तयार झाली. त्यांच्यापाशी लय पक्की असते, आणि दहा जणांत मिसळून गाण्याचे वळण असते. तिसरी परंपरा त्याहून जुनी : किंगरीच्या साथीने गोंडांच्या देवांच्या आणि पूर्वजांच्या गाथा गाणारे परधान, आणि गोटुलात रेला गीते शिकत वाढलेले माडिया तरुण. ही विद्या मात्र हौसेच्या क्लासात आणून बसवण्याची वस्तू नव्हे. ती त्या समाजाच्या श्रद्धेशी बांधलेली आहे. ती शिकायची तर त्यांच्या अटींवर, आणि प्रथम त्यांच्याच मुलांनी शिकावी.

यावर एक रास्त आक्षेप येईल. चांगला वादक चांगला शिक्षक असतोच असे नाही. आणि ज्याला ख्यालगायकी शिकायची त्याचे रंगभूमीच्या ऑर्गनवर कसे भागणार? आम्हांला हा आक्षेप मान्य आहे. पेटीचे सूर ठोकळ असतात, तिच्यावर मींड निघत नाही. केवळ पेटीच्या आधाराने वाढलेला गळा पुढे तंबोऱ्यावर अडखळतो. विलंबित ख्यालासाठी त्या वाटेचाच गुरू लागतो, आणि तेव्हा नागपूर गाठावेच लागेल. पण ही गरज तीन-चार वर्षांनंतरची. सुरुवातीला लागतो तो सूर ओळखणारा कान आणि ताल धरणारा हात, आणि तेवढे देणारी माणसे इथे आहेत. २०२०च्या टाळेबंदीनंतर रूढ झालेल्या ऑनलाइन शिकवणीचा आधार आहे, नाही असे नाही. परंतु आवाज पोचायला क्षणभर उशीर झाला तरी तबल्याबरोबर गाणे अशक्य होते, आणि भामरागडच्या पावसाळ्यात तर तो क्षणसुद्धा भरवशाचा नसतो.

मग शिक्षक पारखावा कसा? तीन गोष्टी पाहाव्यात. पहिल्याच दिवशी तो मुलाची पट्टी शोधतो का? काळी चारमध्ये गाणारी मुलगी आणि आवाज फुटू लागलेला मुलगा यांना एकाच पट्टीत ओरडायला लावणारा वर्ग गळा बिघडवतो. दुसरे, तंबोरा, मग तो इलेक्ट्रॉनिक का असेना, लावून तो शिकवतो का? आणि तिसरे, तो स्वतः समोर गाऊन किंवा वाजवून दाखवतो का, की वहीत स्वरलिपी उतरवून देऊन मोकळा होतो? प्रमाणपत्राची चौकशी याच्यानंतर करावी.

शेवटी मुद्दा पोटाचा. नाटकाचा हंगाम होळीच्या सुमारास ओसरू लागतो. मग वादक शेतीकडे किंवा मजुरीकडे वळतो. धानाची रोवणी आटोपली की दिवाळीपर्यंतचे दोन-अडीच महिने त्याच्या हाताला वाद्य लागत नाही, आणि नेमक्या याच काळात महाविद्यालये भरात असतात. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने स्थानिक कलावंतांना शिक्षक म्हणून शाळेत आणण्याची शिफारस केली आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२३ मध्ये उच्चशिक्षण संस्थांत निवासी कलावंत नेमण्याची मार्गदर्शक तत्त्वेही काढली. २०११ साली स्थापन झालेल्या आमच्या गोंडवाना विद्यापीठाच्या क्षेत्रात या तरतुदींना जितका अर्थ आहे, तितका क्वचितच दुसरीकडे असेल. दुपारी रिकामी पडणारी एक खोली, एक तंबोरा, तबल्याची एक जोडी, आणि वादकाला दरमहा वेळेवर मिळणारे मानधन. तास दुपारी दोनचा ठेवला तर शेवटच्या बसचा प्रश्नही उरत नाही. यासाठी स्वतंत्र संगीत विभाग मंजूर होण्याची वाट पाहण्याचे कारण नाही.

मानधनाचा आग्रह आम्ही मुद्दाम धरतो. कलावंताला शाल-श्रीफळ देऊन घरी पाठवण्याची आपली रीत जुनी आहे. त्याला हजेरीपटावर घेऊन त्याच्या तासाला किंमत देण्याची रीत अजून पडायची आहे. ती पडली, तर पालक आमच्याकडे तो प्रश्न घेऊन येतील तेव्हा ‘नागपूरला पाठवा’ म्हणण्याआधी आम्हांला एखादे नाव आणि एक वेळ सांगता येईल.