आठवी ग्रेड झाली, पुढे काय वाजवायचं?
पियानोची आठवी ग्रेड पदरात पडली की पालकांना पोराकडून लगेच रखमानिनॉव्ह ऐकायचा असतो. त्या संगीतकाराचे पंजे केवढे अवाढव्य! बारा वर्षांच्या मुलाची करंगळी खालच्या सा वरून वरच्या सा पर्यंत जेमतेम पोचते; ताणाताणीत मनगट मात्र दुखावतं. पेटीवादक गोविंदराव टेंब्यांच्या कोल्हापुरात बोटांची तयारी नवी नाही, पण पेटीवाल्याचा डावा हात भात्यात अडकलेला. म्हणून मी आधी बाखची दोन ओळींची इन्व्हेन्शन्स देईन. 1723 च्या या पंधरा रचना शिकणाऱ्यांसाठीच आहेत, आणि डाव्या हाताला त्यात उजव्याइतकंच काम. नंतर बार्टोकच्या ‘मिक्रोकॉसमॉस’चा सहावा भाग. त्यातलं 149 वं बल्गेरियन नृत्य सात मात्रांचं, दोन-दोन-तीन. आपला रूपक ताल तीन-दोन-दोन; तबला ऐकलेल्या मुलाला हे उलटं वजन भारी आवडतं (शिक्षकच अडखळतात!). आणि प्रत घ्याल ती उर्टेक्स्ट, म्हणजे संपादकाची भर नसलेली मूळ संहिता घ्या. नेटवरच्या फुकट जुन्या स्कॅनमध्ये संपादकानं पदरची ‘हळू’, ‘जोरात’ची चिन्हं पेरलेली असतात, आणि पोरं ती बाखचीच समजून घोकतात.