अर्धं ताट भाजीचं

सावली तालुका धानाचा. आसोलामेंढा तलावाच्या पाण्यावर भिजणाऱ्या या पट्ट्यात जेवण म्हणजे भात. घरात कुणाची साखर वाढली की पहिली कात्री भातावरच चालते. भात निम्मा होतो, भाजी मात्र तेवढीच राहते, तोंडी लावण्यापुरती. चार वाजले की पोटात कावळे ओरडतात, चहासोबत बिस्किटांचा पुडा फुटतो आणि चार-आठ दिवसांत भात पूर्वपदावर. दोष जिभेला दिला जातो. खरं तर पथ्य मोडतं भुकेनं.

म्हणून भात कमी करायचा तर भाजी किती, हे आधी ठरवायला हवं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं 2024 च्या आहारसूत्रांत मोठ्या माणसाला दिवसाला 400 ग्रॅम भाज्या सांगितल्या आहेत. कमी कर्बोदकांच्या आहारात त्याहून कमी नको. हिशेब सोपा आहे. 100 ग्रॅम तांदळात सुमारे 78 ग्रॅम कर्बोदकं; पालेभाजी, वांगी, दोडकी, भेंडी मिळून 400 ग्रॅम खाल्ली तरी जेमतेम वीस. दिवसाला 130 ग्रॅम कर्बोदकांची मर्यादा धरली, तर 100 ग्रॅम तांदूळ, 50 ग्रॅम डाळ आणि एवढी भाजी तिच्यात बसते. पोटही भरतं. बटाटा, रताळं, कोचई मात्र भाताच्याच खात्यात धरा. आळणात बेसन किती पडतं, तेही बघा.

एवढी भाजी रोज परवडायची कशी? पावसाळ्यात तरी आपलं रान आणि धानाच्या बांध्यांचे धुरे मदतीला येतात. पहिल्या सरींनंतरचा कोवळा तरोटा, कुड्याची फुलं, पातूर, पुढे काटवलं. बाया पहाटे खुडून आणतात आणि बाजारात वाटे लावून बसतात. तरोटा शिजून मूठभर होतो, म्हणून एका माणसामागे निदान दोन मुठी कच्चा पाला घ्यावा. वास्ते, म्हणजे बांबूचे कोंब, सोलून, बारीक चिरून भरपूर पाण्यात उकळावेत आणि ते पाणी फेकूनच द्यावं. कच्च्या कोंबात विषारी द्रव्य असतं. अनोळखी पाला किंवा अळिंबी जाणत्या माणसाला दाखवल्याशिवाय चुलीवर चढवू नये.

साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल, तर भात एकदम तोडू नका. औषध तेच आणि भात कमी झाला, तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते. मूत्रपिंडाचा त्रास असणाऱ्यांनीही भाज्या डॉक्टरांना विचारूनच वाढवाव्यात.

डॉक्टरांकडे माझं एक कळकळीचं मागणं आहे. चिठ्ठीवर ‘भात कमी’ लिहिताना त्याच्या शेजारी भाजी किती आणि कोणती, हेही लिहा. आणि घरच्यांनो, वाढताना आधी अर्धं ताट भाजीनं भरा, मग वरण-भाताकडे वळा. हे पथ्य एकट्या आजाऱ्याचं ठेवू नका. सगळ्या घरानं तसंच जेवावं, तरच ते वर्षानुवर्षं टिकेल.